देशोदेशीचे म्युझिक चार्ट: बरेच महिने बघितल्यावर

चार-पाच देशांचे टॉप गाण्यांचे चार्ट शेजारी शेजारी उघडून बसायचा नाद लागल्याला आता बरेच महिने झाले. कुठे काय वाजतंय ते कळेल, एवढीच अपेक्षा होती. ते कळतं, पण त्याआधी प्रत्येक देश गाणी कशी मोजतो ते समजून घ्यावं लागतं, नाहीतर याद्या बघून डोकं गरगरतं.

ऑक्टोबर २०२२ चा तो गाजलेला आठवडा घ्या. टेलर स्विफ्टचा नवा अल्बम आला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० मध्ये (बिलबोर्ड मासिकाची शंभर गाण्यांची साप्ताहिक यादी) पहिल्या दहाच्या दहा जागा तिच्या एकटीच्या. ब्रिटनच्या चार्टमध्ये त्याच आठवड्यात तिची फक्त तीन गाणी. म्हणजे ब्रिटनमध्ये बाकीची कोणी ऐकलीच नाहीत? तसं नाही. तिथे एका मुख्य कलाकाराची तीनच गाणी धरतात. २०१७ च्या मार्चमध्ये एड शीरनची १६ गाणी एकदम टॉप २० मध्ये घुसली होती, त्यानंतर हा नियम आला. मला तो पटतो. अमेरिकेचा त्या आठवड्याचा टॉप १० चार्ट कसला, अल्बमची अनुक्रमणिकाच होती.

हे दोन चार्ट ताडून बघणार असाल तर तारखांकडे नीट लक्ष द्या. दोन्हीकडे आठवडा शुक्रवार ते गुरुवार असाच मोजतात. ब्रिटनची यादी लगेच दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी येते. बिलबोर्डच्या यादीवर मात्र पुढची तारीख असते. २१ ते २७ ऑक्टोबरचे आकडे ब्रिटनमध्ये २८ ऑक्टोबरच्या चार्टमध्ये सापडतील, अमेरिकेत ५ नोव्हेंबरच्या. तारखेला तारीख जुळवत बसलात तर अमेरिका कायम मागे पडल्यासारखी वाटेल.

तशी अमेरिका थोडी संथ आहेच, आणि त्याला कारण रेडिओ. हॉट १०० मध्ये विक्री आणि स्ट्रीमिंगच्या जोडीला रेडिओवर गाणं किती वाजलं तेही धरतात, ब्रिटनमध्ये रेडिओ धरत नाहीत. रेडिओवाले एकदा गाणं रुळलं की ते महिनोन्‌महिने सोडत नाहीत. ग्लास अ‍ॅनिमल्सचं 'हीट वेव्ह्ज' यादीत शिरल्यापासून पहिल्या नंबरावर पोचायला ५९ आठवडे लागले! चिकाटी म्हणून कौतुक आहे, पण दर आठवड्याला यादी उघडणाऱ्याला तीच ती नावं बघून कंटाळा येतो.

ब्रिटनने यावर काढलेला उपाय मला सगळ्यात रंजक वाटला. तिथे पैसे भरून ऐकणाऱ्यांचे १०० स्ट्रीम म्हणजे एक विक्री. गाणं जुनं होऊन उतरणीला लागलं की त्याच एका विक्रीला २०० स्ट्रीम लागतात, म्हणजे वजन निम्मं. २०२२ मध्ये एका वेब सिरीजमुळे केट बुशचं १९८५ सालचं 'रनिंग अप दॅट हिल' पुन्हा उसळलं, तेव्हा हाच नियम आडवा आला. जुनं गाणं म्हणून निम्म्याच वजनाने मोजलं गेलं आणि जास्त ऐकलं जाऊनही ते हॅरी स्टाइल्सच्या मागे राहिलं. मग चार्टवाल्यांनी त्याला सूट दिली आणि पुढच्या आठवड्यात ते पहिलं आलं, ३७ वर्षांनी. नियम करायचा आणि अडचण झाली की सूट द्यायची, हे इथेही चुकलं नाही म्हणायचं.

जपानचा ओरिकॉन हा वेगळाच प्रकार. त्यांच्या जुन्या सिंगल्सच्या यादीत सीडी मोजतात. एकेबी४८ सारख्या मुलींच्या ग्रुपच्या सीडीत त्यांच्याशी हस्तांदोलन करायचं तिकीट किंवा आवडत्या गायिकेला मत द्यायची मतपत्रिका असायची, त्यामुळे एकेक चाहता ढिगाने सीडी घ्यायचा. त्या यादीवरून लोक काय ऐकतात ते शोधायला जाऊ नका, कोणाचे चाहते किती खर्च करतात ते मात्र चोख कळतं. ऐकण्याचा अंदाज हवा असेल तर बिलबोर्ड जपान बरा. जर्मनीत नगांऐवजी विक्रीची रक्कम मोजतात. फ्रान्समध्ये फक्त पैसे भरणाऱ्यांचे स्ट्रीम धरतात.

नवीन गाणी शोधायला म्हणाल तर सगळ्यात जास्त मजा इटलीने दिली. फेब्रुवारीत सॅनरेमो महोत्सव झाला की स्पर्धेतल्या गाण्यांनी यादी भरून जाते आणि एरवी सगळीकडे दिसणारी इंग्रजी गाणी खाली ढकलली जातात. कुठल्याही देशाचा टॉप १० सोडून थेट ३० ते ६० नंबरांत शिरा, हा माझा अनुभवाचा सल्ला. वरची गाणी कानावर आपोआप पडतातच, स्थानिक माल खाली असतो.

२०२० पासून बिलबोर्डचा ग्लोबल २०० हा जगभराचा एकत्रित चार्ट पण आहे. सुरुवातीला तोच एक पुरेसा होईल असं वाटलं होतं, पण इतके देश एकत्र घोटल्यावर कोणाचीच चव राहत नाही. त्याचीच अमेरिका वगळून केलेली यादी मिळते, ती जास्त कामाची आहे. ती मी ठेवली आहे, मूळ ग्लोबल बघणं बंद केलं.