उतारावरचं चेनलिंक कंपाउंड: नऊ महिने आणि एक अख्खा पावसाळा

संगमेश्वर तालुक्यात आमची २० गुंठे वरकस (उताराची, हलकी) जागा आहे, आंबा-काजूची कलमं लावलीत, आणि फेब्रुवारीत चारी बाजूंनी चेनलिंक (तारेची विणलेली जाळी) मारून घेतली. जाळी १० गेज जाडीच्या तारेची, ५ फुटी, पोल सिमेंटचे ८ फुटी, दर ८ फुटांवर एक. मुद्दाम दिवाळीनंतर लिहितोय, कारण नवीन कंपाउंड सगळंच छान दिसतं, खरं काय ते आपला पाऊस पडून गेल्यावरच कळतं.

उतार बऱ्यापैकी आहे, ४ फुटाला १ फूट. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला पायऱ्या-पायऱ्यांनी मारू, म्हणजे दोन पोलांमधली जाळी आडवीच राहते आणि वरची लाईन लेव्हलमध्ये दिसते. डावी बाजू तशी केली आणि तिथेच फसलो. प्रत्येक दोन पोलांमध्ये खालच्या पोलपाशी जाळीखाली २ फुटांचं त्रिकोणी भगदाड राहतं, म्हणजे ५ फूट जाळी अधिक २ फूट भगदाड, ८ फुटातला जेमतेम १ फूट पोल जमिनीत! भगदाडं चिऱ्याच्या तुकड्यांनी बुजवली तर जुलैत पाण्याच्या लोंढ्याने निम्मे तुकडे खाली गेले, सहा पोल कलले आणि डुकरं आरामात आत, सुरणाची सगळी वाट लावली.

उजव्या बाजूला बाबा अडून बसले, म्हणाले गडगा (दगड रचून घातलेलं कुंपण) कधी कोणी लेव्हलमध्ये घातलाय का, तो जमिनीबरोबरच जातो. त्यामुळे तिथे पोल ओळंब्यात उभे पण जाळी उताराला समांतर. चेनलिंक विणलेली असल्याने थोडी तिरकी होते, वेल्ड केलेली जाळी अशी वळत नाही. फक्त शेवटच्या पोलपाशी तिरका तुकडा उरतो, तिथे कापाकापी न करता एक-एक तार स्क्रूसारखी फिरवून काढायची. पोल अडीच फूट जमिनीत गेले, खाली कातळ लागला तिथे ब्रेकर लावावा लागला, खर्च वाढला, पण ती बाजू आजही जशीच्या तशी उभी आहे. तळाला जमिनीलगत एक काटेरी तार ओढलीय, तिचा खर्च अजिबात वाचवू नका, डुक्कर जाळी खालूनच उचलतं.

जाळी मागवताना अजून एक चूक झाली. मोजणीच्या नकाशावरचं अंतर आडवं असतं, उतारावरून मोजलं की जास्त भरतं. आमच्या उताराला १०० फुटाचे १०३ झाले आणि जाळी कमी पडली, दुसरा टेम्पो करावा लागला. टेप जमिनीवर धरूनच मोजा.

खालच्या आडव्या बाजूला वेगळाच प्रॉब्लेम, पालापाचोळा जाळीला अडकून बांधच तयार होतो आणि मागे पाणी तुंबतं. पावसाळाभर दर रविवारी पंजाने तो ओढून काढत होतो. पऱ्या (पावसाळी ओढा) जातो तिथे मात्र नशिबाने जाळी खाली बांधलीच नव्हती, वरच्या तारेला लोंबती ठेवलेली, पाणी आलं की उचलली जाते आणि ओसरलं की परत खाली, ते एकदम मस्त चाललंय.

माझ्याकडून चेनलिंकला पूर्ण मार्क, पायऱ्यांच्या पद्धतीला शून्य. डाव्या बाजूची जाळी परवापासून उतरवायला घेतलीय, तेच पोल खोल गाडून यावेळी उताराबरोबर बांधणार.