कंट्रोलर घरच्या राउटरला जोडावा की त्याचे स्वतःचे वायफाय वापरावे?

दादरच्या आमच्या स्वयंपाकघरात जुन्या फ्रिजमध्ये कोंबुचाची (आंबवलेल्या चहाची) बरणी असते आणि तिचे तापमान २६ अंशांच्या आसपास ठेवण्याचे काम ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या चिपवरचा कंट्रोलर करतो. तो घरच्या राउटरला जोडला, तर कार्यालयात बसूनही आकडे दिसतात आणि दिवसभराची नोंद साठवता येते, ही मोठी सोय आहे. मात्र ही चिप केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालते. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडना (वायफायच्या लहरींच्या पट्ट्यांना) एकच नाव दिलेल्या राउटरवर ती जोडताना काही वेळा अडते, आणि शेजारच्या दहा-बारा राउटरांच्या गर्दीत १, ६ किंवा ११ यांपैकी त्यातल्या त्यात मोकळे चॅनेल शोधावे लागते.

दुसऱ्या पर्यायात चिप स्वतःच वायफाय निर्माण करते, फोन तिला जोडून ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.४.१ उघडायचे, की झाले. राउटर बंद पडला तरी अडचण येत नाही, पण घराबाहेरून काहीच दिसत नाही आणि फोनला इंटरनेट नसल्याची तक्रार सोसावी लागते.

मी राउटरचाच पर्याय ठेवला आहे. अट एवढीच की कूलिंगचा निर्णय कंट्रोलरने स्वतःच घ्यावा, इंटरनेटवर अवलंबून राहू नये. कंट्रोलरची पेटी फ्रिजच्या आत ठेवू नये, कारण पत्रा सिग्नल अडवतो. दाराच्या रबरातून केवळ तापमान मोजणाऱ्या सेन्सरची बारीक वायर आत न्यावी.