ताराराणी की शाहू: 1707 साली गादी कुणाची?

कावळा नाक्यावरचा ताराराणींचा अश्वारूढ पुतळा रोज बघणाऱ्या कोल्हापूरकराचा कौल आधीच ठरलेला असतो. तरी मराठ्यांच्या गादीवरचे दोन्ही दावे शेजारी ठेवून बघायलाच हवेत.

शाहूंचा दावा रक्ताचा. संभाजीराजांचे पुत्र, म्हणजे थोरली पाती. 1689 ला रायगड पडला तेव्हापासून मोगलांच्या कैदेत, सुटका 1707 मध्ये. सोडलं औरंगजेबाचा मुलगा आझमशहानं, तेही मराठ्यांत दुही माजावी म्हणून. त्यांची लंगडी बाजू हीच.

ताराराणींचा दावा कर्तृत्वाचा. त्यांचं म्हणणं असं: थोरल्या शिवाजी महाराजांचं राज्य संभाजीराजांच्या काळात गेलं, त्यांचे धाकटे भाऊ आणि ताराराणींचे पती राजाराम महाराजांनी ते नव्यानं उभारलं, मग वारस त्यांचाच मुलगा शिवाजी. 1700 पासून औरंगजेबाशी झुंज ताराराणींनीच चालवली होती, त्यामुळं हा मुद्दा वजनदार वाटतो. पण मुलगा लहान होता. शिवाय 'शाहू तोतया आहे' हा प्रचार अंगाशी आला. शाहू खरे असल्याची सरदारांची खात्री पटली आणि ऑक्टोबर 1707 मध्ये खेडच्या लढाईत ताराराणींचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. लढाई खरी तिथंच फिरली. जानेवारी 1708 मध्ये साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला.

ताराराणींनी पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली. तिथं घात झाला तो घरातूनच: 1714 मध्ये सवत राजसबाईंनी आपल्या मुलाला, दुसऱ्या संभाजीला गादीवर बसवलं. सातारा आणि कोल्हापूर यांच्या हद्दी 1731 च्या वारणेच्या तहानं ठरल्या, वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडं आला.