पऱ्हाटीच्या तासांतले बापलेक

यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू शेतात घडणाऱ्या या लघुपटात बाप आणि मुलगा परस्परांवरील मायेबद्दल एक शब्दही बोलत नाहीत, आणि माझ्या मते हेच त्याचे सर्वांत मोठे यश आहे. कथेचा काळ २०१७ चा आहे. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे, म्हणजे वऱ्हाडीतल्या पऱ्हाटीचे, अतोनात नुकसान केले आणि त्याच वर्षी या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. अळी बोंडाच्या आत राहून सरकी खात असल्यामुळे बाहेरून निरोगी दिसणारे बोंड फोडल्याशिवाय काही कळत नाही. बाप एकेक बोंड फोडत जातो आणि सुटीत घरी आलेला मुलगा ते नुसता पाहत राहतो, हे दीर्घ दृश्य दिग्दर्शकाने मध्ये कुठेही तोडलेले नाही. पुढे मुलगा पाठीवरचा फवारणीचा पंप घ्यायला सरसावतो, तेव्हा बाप ‘तू नोको लावू हात’ एवढेच म्हणून एकटाच तासांत, म्हणजे कपाशीच्या ओळींत, शिरतो. नकारातली ही माया वऱ्हाडी बोलीच्या रोखठोकपणामुळे अधिकच भिडते.

पार्श्वसंगीत मात्र जागोजागी अनावश्यक आहे. त्याहून खटकते ती आईची अनुपस्थिती, कारण आपल्याकडे कापूस वेचण्याचे काम मुख्यतः बायाच करतात आणि त्यांच्याविना हे शेत अपुरे वाटते. तरीही गावागावांतल्या शाळांत हा लघुपट अवश्य दाखवावा.