दहा बोटांचे ठसे आणि वाया गेलेली दोन वर्षं

माझा मुलगा तेव्हा तिसरीत होता, मराठी शाळेत. गोष्ट ऐकवली की शब्दन् शब्द लक्षात ठेवायचा, पण तीच पुस्तकातून वाच म्हटलं की घाम फुटायचा. ‘घर’चं ‘धर’ व्हायचं, ‘प्रकाश’चं ‘पकराश’. बाई वहीत शेरा द्यायच्या, ‘लक्ष देत नाही’.

त्याच सुमारास पालकसभेनंतर शाळेत डीएमआयटीचं, म्हणजे बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या चाचणीचं, शिबिर लागलं. दहा बोटांचे ठसे स्कॅनरवर घ्यायचे आणि त्यावरून मुलाचा जन्मजात कल सांगायचा. फी साडेचार हजार, आजच भरली तर साडेतीन. शाळेच्याच सभागृहात चाललंय म्हटल्यावर शंका आलीच नाही. पाच मिनिटांत काम झालं. मुलाला एक शब्द वाचायला सांगितला नाही, एक ओळ लिहून घेतली नाही. मला तिथेच खटकायला हवं होतं.

आठवड्याने 42 पानी रंगीत रिपोर्ट आला. डावा मेंदू 47 टक्के, उजवा 53. पहिल्या पानांवर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचा फोटो. समुपदेशक म्हणवणारी मुलगी म्हणाली, “ताई, काळजी सोडा. हा करून शिकणारा मुलगा आहे, वाचून शिकणाऱ्यातला नाही. आमचा मेंदू-विकासाचा कोर्स लावा.” कोर्स अठरा हजारांचा. भिशी नुकतीच लागली होती, ते पैसे भरले.

पैसे गेले ते गेले. पण त्या रिपोर्टमुळे आम्ही निर्धास्त झालो आणि शोधायचं थांबलो. बाई काही बोलल्या की मी रिपोर्ट पुढे करायची. पाचवीत प्रकट वाचन असलं की सकाळी त्याच्या पोटात दुखायला लागायचं. शेवटी नव्या वर्गशिक्षिकेने सरळ सांगितलं, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जा.

तिथे एका दिवसात काही झालं नाही. आधी डोळे आणि कान तपासले. मग बुद्ध्यांकाची चाचणी, एकट्याला समोर बसवून. मग वाचन, श्रुतलेखन, गणित, जुन्या वह्या, शाळेचा अहवाल आणि आमच्याशी सविस्तर बोलणं. हेलपाटे झाले, डोंबिवलीहून लोकलने धक्के खात गेलो, पण प्रत्येक वेळी कोणीतरी माझ्या मुलाकडे नीट बघत होतं. निदान झालं: बुद्धी उत्तम, वाचन-लेखनात अध्ययन अक्षमता, म्हणजे हुशार असूनही वाचायला-लिहायला शिकणं अवघड जातं.

घरी येऊन मी तो जुना रिपोर्ट काढला. पान 31 वर माझ्या मुलाचा उल्लेख ‘ती’ असा होता. नणंदेच्या मुलीचाही रिपोर्ट त्याच शिबिरातला. मागून घेतला, तर परिच्छेदच्या परिच्छेद तेच.

मग वाचत गेले. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात आणि आयुष्यभर तशाच राहतात. डाउन सिंड्रोमसारख्या काही जनुकीय आजारांत हाता-बोटांच्या रेषांत फरक आढळतो, हे खरं आहे. त्याचंच बोट धरून ही मंडळी बुद्धी मोजायला निघतात. गार्डनर यांनी 1983 मध्ये बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्त मांडला, पण ठशांच्या चाचणीशी आपला संबंध नाही हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2019 मध्ये या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट केलं.

कोणाकडेही मुलाची चाचणी करायला जाल, तर आधी विचारा: अशा तज्ज्ञांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा (आरसीआय) नोंदणी क्रमांक काय? चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) तो असतोच आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. क्रमांक मागितल्यावर कोणी चिडलं, तर उठून या. आणखी एक, दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर ठरवून दिलेल्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. तिथे ती 42 पानं कोणी हातातसुद्धा घेत नाही.

आता तो सातवीत आहे. आठवड्यातून दोनदा विशेष शिक्षिकेकडे जातो, जोडाक्षरं बोटाने वाळूत गिरवतो. परवा दुकानाची पाटी त्याने आपणहून वाचली, अडखळत, पण पूर्ण.

गेल्या महिन्यात घराजवळच्या एका बालवाडीबाहेर तसलाच फलक दिसला. फी आता सहा हजार. दोन आया फॉर्म भरत उभ्या होत्या. मी जवळ जाऊन विचारलं, “मुलाला काही वाचायला, बोलायला, खेळायला सांगितलं का हो यांनी?”