चढणीचा लाकडी त्रिकोण : कोकणातल्या पावसाळी घरात कितपत उपयोगी?

रत्नागिरीच्या परिसरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एरवी मुलांना मोकळे मिळणारे अंगण, शेवाळ धरणारा जांभ्याचा गडगा, काजूच्या खाली झुकलेल्या फांद्या हे सारे त्या काळात बंद होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे शारीरिक हालचाल व्हायला हवी. माजघर आणि पडवी एवढ्या जागेत ती कशी व्हावी, या काळजीपोटी आम्ही मुलगी दीड वर्षाची असताना चढणीचा लाकडी त्रिकोण ऑनलाइन मागवला. आता ती तीन वर्षांची आहे.

दोन छोट्या शिड्या वरच्या बाजूला बिजागऱ्यांनी जोडलेल्या, उंची अडीच फूट, सोबत एका बाजूने घसरगुंडी आणि दुसऱ्या बाजूने आडव्या पट्ट्यांची चढण असलेली फळी, असे याचे साधे स्वरूप आहे. त्याची मूळ कल्पना हंगेरीतील बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर (1902–1984) यांच्या कामातून आली. 1946 मध्ये त्यांनी बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावर तान्ह्या मुलांचे संगोपनगृह सुरू केले. मूल स्वतःहून ज्या स्थितीत जाऊ शकत नाही त्या स्थितीत मोठ्यांनी त्याला ठेवू नये, हा त्यांचा आग्रह होता, आणि या वस्तूचा सगळा उपयोग तो पाळण्यावर अवलंबून आहे. आमच्याकडेही घरातली वडीलधारी मंडळी कौतुकाने तिला उचलून थेट वरच्या दांड्यावर बसवत. वर बसवलेली मुलगी तिथेच घट्ट धरून रडे. खालून स्वतः चढलेली तीच मुलगी जमत नाही असे वाटले की दुसऱ्या दांड्यावरून मुकाट्याने परत येई. घरात सर्वांनी हे पाहिल्यावर उचलणे आपोआप थांबले.

चढताना एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय आळीपाळीने पुढे जातो, खांदे आणि कंबर शरीराचे वजन पेलतात, बोटांची पकड बळकट होते. पुढे पेन्सिल धरायला लागणारी स्थिरता केवळ बोटांतून येत नाही, तिला खांद्याचा भक्कम आधार लागतो. मात्र खरे शिक्षण उतरताना होते, असे माझे मत झाले आहे. चढताना पुढचा दांडा डोळ्यांसमोर असतो. उतरताना तो दिसत नाही, पाय मागे सोडून तळव्याने तो शोधावा लागतो, तो सापडेपर्यंत तोल दोन हातांवर आणि एका पायावर सांभाळावा लागतो, आणि पाय कुठे आहे हे स्नायू व सांधे यांच्याकडून मिळणाऱ्या संवेदनेवरूनच कळते. कानाच्या आतील तोलाचे इंद्रियही या वेळी कामाला लागलेले असते. म्हणूनच बहुतेक मुले चढायला आधी शिकतात आणि उतरायला नंतर. आमची मुलगी कित्येक दिवस मधल्या दांड्यावर थांबून पाय हवेत चाचपत असे. त्या वेळी जवळ बसून राहायचे, पण तिचा पाय धरून दांड्यावर ठेवायचा नाही, एवढा संयम आपल्याला ठेवता आला पाहिजे.

खरेदीपूर्वी दांड्यांमधले अंतर अवश्य मोजून घ्यावे. खेळाच्या साधनांतील साडेतीन ते नऊ इंचांची मोकळी जागा डोके अडकण्याच्या दृष्टीने धोक्याची असू शकते, असे अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शनात म्हटले आहे. आमच्या त्रिकोणात हे अंतर सव्वातीन इंच आहे आणि दांड्यांची जाडी लहान मुठीत बसणारी आहे; या दोन्ही बाबतींत बनवणाऱ्याने विचार केलेला दिसतो.

किनाऱ्यावरच्या हवेचा विचार मात्र त्याने केलेला नाही. खाऱ्या दमट हवेने पहिल्याच पावसाळ्यात स्क्रू गंजले, बिजागरी करकरू लागली, फळीच्या मागच्या बाजूला बुरशी धरली आणि पॉलिश हाताला चिकट लागू लागले. गावातल्या सुतारांनी स्क्रू काढून स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट बसवले, पृष्ठभाग घासून दिला, तेव्हा तो पुन्हा वापरण्याजोगा झाला. पायांखाली रबर नसल्याने गुळगुळीत फरशीवर तो सरकतो. तेही आम्हालाच लावावे लागले. खाली जाड गोधडी किंवा गादी हवीच. 8,500 रुपये घेतल्यावर एवढी डागडुजी ग्राहकावर टाकणे मला योग्य वाटत नाही.

त्यामुळे ज्यांच्या ओळखीचा चांगला सुतार आहे त्यांनी मापे देऊन सागवानाचा त्रिकोण करून घ्यावा, असे मी सुचवेन. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला सुरू केलेले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडला नेलेले बालशिक्षणाचे काम परिसरातल्या स्वस्त साधनांवरच उभे राहिले होते. ते याच किनारपट्टीवर घडले, हे मला फार मोलाचे वाटते.

पाऊस ओसरला की आम्ही त्रिकोण मिटवून भिंतीला टेकवतो, कारण बाहेरच्या झाडाची प्रत्येक फांदी वेगळ्या जाडीची आणि वेगळ्या अंतरावर असते व तिथे मुलाला दर वेळी नव्याने विचार करावा लागतो. एकसारख्या दांड्यांचा त्रिकोण ते देऊ शकत नाही. चार वर्षांपुढच्या मुलासाठी तर तो नव्याने घेऊच नये. अडीच फुटांची उंची त्या वयाला कमी पडते.