राखीव पत्ता दुरुस्त करावा की स्थिर पत्ता द्यावा?

घरातील प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी पेटी) किंवा फाइल साठवण्याचे सामायिक उपकरण यांचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर ते उपकरण ज्या आकड्याने सापडते तो, बदलू नये, यासाठी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे राउटरमध्ये त्या उपकरणासाठी पत्ता राखून ठेवणे, आणि दुसरा म्हणजे उपकरणाच्याच सेटिंगमध्ये स्थिर पत्ता भरणे. बहुतेक जण पहिला मार्ग धरतात, राखून ठेवलेला पत्ता उपकरणाला मिळत नाही असे दिसताच वैतागून दुसऱ्याकडे वळतात, आणि तेथे चूक होते. कारण स्थिर पत्त्याने काही बिघाड खरोखर मिटतात, तर काही नुसते झाकले जातात. त्यामुळे कोणता मार्ग घ्यावा हे बिघाड कोणता आहे ते पाहूनच ठरवावे.

उपकरण नेटवर्कवर आले की ते पत्ता मागते, आणि राउटरमधील डीएचसीपी ही सेवा आपल्या श्रेणीतील एक पत्ता त्याला ठरावीक मुदतीसाठी देते. त्या मुदतीला लीज म्हणतात. निम्मी लीज संपली की उपकरण तोच पत्ता पुढे चालू ठेवण्याची विनंती करते. पत्ता राखून ठेवणे म्हणजे अमुक मॅक पत्त्याच्या (उपकरणाच्या नेटवर्क जोडणीचा ओळख क्रमांक) उपकरणाने मागणी केल्यास त्याला अमुकच आयपी पत्ता द्यावा, अशी राउटरला दिलेली सूचना होय. मागणी आल्याशिवाय ती सूचना लागू होत नाही. म्हणून २४ तासांची लीज आधीच हातात असलेला प्रिंटर, राउटरमध्ये नोंद केल्यानंतरही १२ तासांपर्यंत जुन्याच पत्त्यावर राहू शकतो. नोंद जतन झाली आणि काहीच बदलले नाही, हा पहिला बिघाड, आणि या तक्रारीमागे बहुधा एवढेच असते. उपकरण बंद करून पुन्हा सुरू करावे. विंडोज संगणकावर आयपीकॉन्फिग (ipconfig) या नेटवर्कच्या आज्ञेचा रिलीज आणि नंतर रिन्यू हा पर्याय चालवावा. तरीही पत्ता मिळाला नाही, तर तो सध्या दुसऱ्याच एखाद्या उपकरणाकडे लीजवर आहे का, हे राउटरच्या यादीत तपासावे. येथे स्थिर पत्त्याची काहीच गरज नसते.

दुसरा बिघाड मॅक पत्त्याचा असतो, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ यातच वाया जातो. २०१९ मधील अँड्रॉइड १० आणि २०२० मधील आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता न सांगता प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, तयार केलेला पत्ता सांगतात. घरात २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची दोन वेगळी नावे ठेवली असतील, तर एकच फोन राउटरला दोन निरनिराळी उपकरणे वाटतो. असा पत्ता ओळखणे सोपे आहे: त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असते. घरच्या वाय-फायपुरता हा खासगी पत्ता बंद केला की राखीव नोंद नीट चालते. प्रिंटर आणि लॅपटॉप यांना वायरचा एक आणि वाय-फायचा दुसरा असे दोन मॅक पत्ते असतात. उपकरणाच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवर बहुधा एकच छापलेला असतो आणि तो नेमका वापरात नसलेला निघू शकतो. लॅपटॉपला यूएसबी अडॅप्टरने वायर जोडली असेल, तर मॅक पत्ता सहसा त्या अडॅप्टरचा असतो. म्हणून पट्टीवरचा आकडा न उतरवता राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत जो दिसतो तोच निवडावा.

वाय-फाय एक्स्टेंडरची, म्हणजे सिग्नल दूरवर पोहोचवणाऱ्या जोडउपकरणाची, बाब मात्र वेगळी आहे. काही एक्स्टेंडर आपल्यामागील उपकरणाचा मॅक पत्ता बदलून राउटरकडे पाठवतात, त्यामुळे उपकरण थेट राउटरला जोडले असताना एक आणि एक्स्टेंडरमार्गे जोडले असताना दुसरा पत्ता नोंदला जातो. जे उपकरण सिग्नलप्रमाणे दोन्हींकडे जा-ये करते, त्याला स्थिर पत्ता देणे हाच सरळ उपाय आहे.

तिसरा बिघाड दोन राउटरांचा. फायबर जोडणीसोबत आलेल्या पेटीतच राउटर असतो, आणि पुष्कळ घरांत तिच्यामागे स्वतः विकत घेतलेला दुसरा राउटर लावलेला असतो. दोघांची लॅन पोर्ट (घरातील उपकरणे वायरने जोडण्याच्या खाचा) एकमेकांना जोडली असतील आणि डीएचसीपी दोन्हींवर चालू असेल, तर उपकरण सहसा ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेते. परिणामी राखीव पत्ता कधी मिळतो, कधी मिळत नाही. विंडोजमध्ये आयपीकॉन्फिगच्या सविस्तर माहितीत डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता दिसतो. तो वेळोवेळी बदलत असेल तर निदान पक्के झाले. अशा वेळी प्रिंटरला स्थिर पत्ता दिल्यास प्रिंटर सुधारल्यासारखा वाटतो, पण दुसरा राउटर तोच पत्ता एखाद्या फोनला देऊ शकतो आणि मग दोन्ही उपकरणे अडतात. येथे एका राउटरची डीएचसीपी सेवा बंद करणे हाच उपाय आहे, आणि तो आधी करावा.

स्थिर पत्त्याची किंमतही लक्षात घ्यावी. आयपी पत्त्याबरोबर सबनेट मास्क (नेटवर्कची व्याप्ती सांगणारा आकडा), गेटवे (बाहेर जाण्याचा मार्ग, बहुधा राउटरचा पत्ता) आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) हेही हाताने भरावे लागतात, आणि तो पत्ता राउटर आपोआप वाटतो त्या श्रेणीबाहेरचा असावा लागतो. श्रेणी १९२.१६८.१.१०० ते १९९ अशी ठेवली, तर २ ते ९९ हे आकडे हाताने देण्यासाठी मोकळे राहतात. राखीव नोंदीबाबत मात्र राउटरांमध्ये एकवाक्यता नाही: काहींना राखीव पत्ता श्रेणीच्या आतलाच लागतो, काही बाहेरचाही स्वीकारतात. खरी अडचण इंटरनेट कंपनी बदलल्यावर येते. जिओच्या फायबर राउटरचा पत्ता सहसा १९२.१६८.२९.१ असतो, तर अन्य अनेक राउटरांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तिसरा आकडा बदलला की स्थिर पत्त्याची उपकरणे नव्या नेटवर्कवर दिसेनाशी होतात आणि प्रत्येकापाशी जाऊन पत्ता पुन्हा भरावा लागतो. राखीव नोंदीही नव्या राउटरमध्ये पुन्हा कराव्या लागतात, परंतु ते काम एका ठिकाणी बसून होते आणि तोपर्यंत उपकरणे निदान जोडलेली राहतात.

डीव्हीआर बाहेरगावाहून पाहण्यासाठी पत्ता राखून पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी राउटरने ठरावीक उपकरणाकडे पाठवणे) करणाऱ्यांनी आधी राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे. तेथे राखीव आणि स्थिर यांत काहीच फरक पडत नाही. कंपनीकडून सार्वजनिक पत्ता घ्यावा किंवा डीव्हीआर कंपनीच्या क्लाउड ॲपवरून पाहावा.

माझा कौल पुढीलप्रमाणे आहे. प्रिंटर, टीव्ही, साठवणुकीचे उपकरण आणि घरातले संगणक यांच्यासाठी राउटरवरची राखीव नोंद घ्यावी, आणि ती चालत नसल्यास वरील कारणे शोधून ती दुरुस्तच करावी. केवळ ॲक्सेस पॉइंट (फक्त वाय-फाय पुरवणारे उपकरण) म्हणून वापरलेला दुसरा राउटर, घरातील डीएनएसचे काम करणारा छोटा संगणक आणि एक्स्टेंडरमागे फिरणारे उपकरण यांना स्थिर पत्ता द्यावा, कारण पहिल्या दोहोंचा पत्ता राउटरची डीएचसीपी सेवा बंद पडली तरी टिकला पाहिजे. डीव्हीआर बसवणाऱ्याने त्यात आधीच स्थिर पत्ता भरून ठेवला असेल, तर तो बदलण्याचा खटाटोप करू नये; तो आकडा राउटरच्या श्रेणीबाहेर आहे एवढे पाहावे, आणि नसल्यास श्रेणीच आखडती घ्यावी.